अ‍ॅलेक्स अँड मी : पोपटाला पाच स्टार, पुस्तकाला चार

आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या पोपटाला बोलायला शिकवलं, त्याची गोष्ट सांगणारं त्यांचं ‘अ‍ॅलेक्स अँड मी’ (२००८) पेपरबॅकमध्ये घेतलं. छोटंसं आहे, इंग्लिश सोपं, वीकेंडला आरामात होतं. पण आधीच सांगते, पहिलं प्रकरण जड जातं. सुरुवातच होते ती सप्टेंबर २००७ मध्ये अ‍ॅलेक्स गेल्यापासून, मग आलेली पत्रं, ईमेल, पेपरातले मृत्युलेख, हे जरा ताणलंय. खरी मजा त्यानंतर.

बाई मूळच्या केमिस्ट्रीवाल्या, हार्वर्डची पीएचडी, आणि १९७७ ला शिकागोतल्या एका पेट शॉपमधून वर्षभराचा आफ्रिकन ग्रे पोपट घेऊन येतात. कुठला द्यायचा तेही दुकानातल्या माणसालाच ठरवू दिलं, उद्या कोणी म्हणायला नको की हुशार बघून उचलला. शिकवायची पद्धत तर भारीच. पोपटासमोर दोन माणसं बसणार, एकाने विचारायचं हे काय, दुसऱ्याने बरोबर सांगितलं तर ती वस्तू त्याला, चुकलं की वस्तू गायब. पोपट सगळं बघतोय, त्यालाही ती हवीच असते, मग तोही बोलायला लागतो. आणि बक्षीस म्हणून पेरूची फोड वगैरे नाही हां, कॉर्क ओळखला तर कॉर्कच मिळणार, बस कुरतडत.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा ट्रेचा. ट्रेमध्ये वेगवेगळ्या रंगांचे ठोकळे, कुठल्या रंगाचे दोन, कुठल्या तीन, कुठल्या सहा. विचारतात, तीन कुठल्या रंगाचे? हा म्हणतो, ‘फाइव्ह’. परत विचारलं, परत ‘फाइव्ह’. शेवटी वैतागून बाई म्हणतात, बरं शहाण्या, पाच कुठल्या रंगाचे? तर साहेब म्हणतात, ‘नन’. म्हणजे पाच नाहीतच! हे ‘नन’ त्याला दोन वस्तूंत काही सारखं किंवा वेगळं नसेल तेव्हा म्हणायला शिकवलं होतं, आकड्यांना त्याने स्वतःच लावलं. पोपटपंची म्हणणाऱ्यांनी एवढी दोन पानं तरी वाचावीत.

बाई स्वतः मात्र फार जपून बोलतात, त्याला ‘भाषा येते’ असं म्हणत नाहीत, शब्दांनाही ‘लेबल’ म्हणतात. कारण शंभर वर्षांपूर्वीचा जर्मनीतला तो गणितं सोडवणारा घोडा, जो खरं तर समोरच्या माणसाच्या नकळत झालेल्या हालचाली वाचत होता. आपल्या पोपटाबद्दलही लोक तसंच म्हणतील, या भीतीपायी यांनी तीस वर्षं जीव लावला तो हातचं राखून. आणि एकदा अ‍ॅलेक्सला डॉक्टरकडे ठेवून निघाल्या तर तोच मागून म्हणतो, ‘कम हिअर. आय लव्ह यू. आय अ‍ॅम सॉरी. वाना गो बॅक.’ त्याला ‘सॉरी’ कितपत कळत होतं याच्यावर वाद घाला खुशाल, मला ते पान पुढे ढकलायला जरा वेळ लागला.

तक्रार एकच. नोकऱ्या, ग्रँट, या युनिव्हर्सिटीतून त्या युनिव्हर्सिटीत, हे रडगाणं पानंच्या पानं, आणि प्रयोगांचे तपशील मात्र पळवलेत. किती वेळा विचारलं, किती बरोबर आलं, एखादा तक्ता तरी द्यायचा ना! एक स्टार त्याचा कापला.

सातवी-आठवीच्या मुलांना वाचून दाखवायला मस्त. फक्त लगेच ‘आपण पण आणूया’ सुरू होईल, तर आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवा.