हप्ते म्हणून सही घेतली, नावावर कर्ज निघाले

17 जून 2023 रोजी, शनिवारी संध्याकाळी, एका ऑनलाइन शिकवणी कंपनीचा विक्री प्रतिनिधी आमच्या घरी आला आणि दीड तासात माझ्या नावावर 58,400 रुपयांचे कर्ज काढून निघून गेला. मी पंधरा वर्षे एका पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रे तपासते. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते. पण शाळा सुरू झाल्या की ही माणसे नव्या घरांत जाऊन बसतात, म्हणून लिहिते आहे.

पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल. आठवीतल्या मुलीची मोफत चाचणी झाली, ती अपूर्णांकांत अडखळली आणि तिच्यासमोरच मला सांगण्यात आले, "ताई, पाया आत्ता कच्चा राहिला तर दहावीला फार जड जाईल." मग टॅबसह दोन वर्षांचा अभ्यासक्रम 71,976 रुपयांना ठरला. त्यातले 6,000 रुपये लगेच द्यायचे आणि उरलेले 65,976 रुपये दरमहा 2,749 प्रमाणे 24 बिनव्याजी हप्त्यांत फेडायचे. नापसंत पडल्यास 15 दिवसांत पूर्ण परतावा मिळणार होता. 'कर्ज' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही.

मात्र तो शब्द माझ्या फोनवर आला होता. ओटीपीच्या संदेशात इंग्रजीत 'लोन ॲग्रीमेंट' असे स्पष्ट लिहिलेले मी वाचले, त्याला विचारलेही. "ती सिस्टीमची भाषा आहे ताई, हप्ता खात्यातून वळता व्हावा म्हणून," असे तो म्हणाला आणि मी सहा आकडे सांगून टाकले. तीच माझी करारावरची सही ठरली. एखादा सभासद न वाचता सही करू लागला तर मी त्याला थांबवते; त्या दिवशी मला थांबवणारे घरात कोणी नव्हते. करार 31 पानांचा, इंग्रजीत, फोनच्या पडद्यावर होता, शेजारी मुलगी रडवेल्या चेहऱ्याने बसली होती आणि तो घड्याळाकडे पाहत सवलत आज रात्रीच संपते असे सांगत होता. माझ्या जागी दुसरे कोणी असते तर वेगळे वागले असते, असे मला अजूनही वाटत नाही. तरीही सांगते: ओटीपीच्या संदेशात 'लोन' दिसले, तर समोरच्याला घराबाहेर काढा आणि मगच विचार करा.

बिनव्याजी हेही खोटेच होते. कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने शिकवणी कंपनीला 58,400 रुपये दिले आणि माझ्याकडून 65,976 घेतले, म्हणजे वर्षाला सुमारे 12 टक्के व्याज झाले. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते.

खरी मेख मुदतीत होती, आणि ती मला फार उशिरा कळली. त्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या 2 सप्टेंबर 2022 च्या डिजिटल कर्जविषयक सूचनांनुसार अशा कर्जातून दंडाविना बाहेर पडण्यासाठी किमान तीन दिवस मिळत; 2025 च्या निर्देशांत ही किमान मर्यादा एका दिवसावर आली आहे. माझ्या करारात तीनच दिवस होते. शिवाय त्यासाठी मुद्दल परत करावे लागते, आणि ते तर माझ्या हाती कधी आलेच नव्हते. विक्रेत्याच्या 15 दिवसांवर विसंबून मी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, 28 जूनला, रद्द करण्याचा मेल पाठवला, तेव्हा कर्जाची मुदत उलटून आठ दिवस झाले होते. विक्रेत्याची मुदत आणि कर्जाची मुदत एकच समजू नका.

शिकवणी कंपनी म्हणाली, हप्त्यांचे वित्तसंस्थेला विचारा. वित्तसंस्था म्हणाली, मालाबद्दलची तक्रार विक्रेत्याकडे करा, हप्ता मात्र वेळेवर भरा. सप्टेंबरमध्ये मी खात्यात मुद्दाम पैसे ठेवले नाहीत, तर बँकेने 590 आणि वित्तसंस्थेने 590 रुपये दंड लावला आणि कर्जफेडीची पत दाखवणारा माझा सिबिल गुणांक 771 वरून 642 वर आला. घरासाठी कर्ज काढायचे होते, म्हणून मी निमूटपणे सगळे हप्ते फेडले. एकूण 73,156 रुपये गेले.

आणि दाद मागायची कुठे? पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवले आणि मग हा दिवाणी मामला आहे, असे सांगितले. मी फसवणूक म्हणत होते, ते "तुम्हीच ओटीपी दिलात ना?" एवढेच विचारत होते. एका मदतवाहिनीने माझी तक्रार त्याच कंपनीकडे पाठवली आणि "ग्राहकाने सेवा वापरली आहे" हे तिचे एका ओळीचे उत्तर आल्यावर मला न विचारता 'निवारण झाले' म्हणून ती बंद केली. आमच्याकडचा टॅब तोवर खोक्यातच होता! दुसऱ्या कार्यालयाने आधी वित्तसंस्थेकडे लिहून तीस दिवस थांबायला लावले आणि नंतर करार सहीचा असल्याचे कळवले. सही कशी घेतली गेली, हा माझा एकमेव प्रश्न होता. तो एकाही अधिकाऱ्याने विचारला नाही. प्रत्येकाने कागद पुढे ढकलला आणि दरम्यान दर महिन्याच्या पाच तारखेला 2,749 रुपये जात राहिले.

1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च थोडक्यात सांगणारा कागद, कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. ते मराठीत मागा, आणि एकूण वार्षिक दर वाचल्याशिवाय आधारचा ओटीपी देऊ नका. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आतच जावे लागते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे मला वेळेत कोणी सांगितले नाही. मी 19 जून 2025 रोजी तक्रार दाखल केली, तेव्हा रद्द करण्याच्या मेलपासून मोजलेल्या दोन वर्षांतले नऊच दिवस उरले होते. "15 दिवसांत फुल रिफंड, काळजी नको ताई" हा त्या प्रतिनिधीचा व्हॉट्सॲप संदेश मी छापून तक्रारीला जोडला आहे. परताव्याच्या आश्वासनाचा माझ्याकडे तेवढाच लेखी पुरावा आहे. बाकी सारे तो तोंडीच बोलला होता.