टॅरोची संध्याकाळ: रीडर बोलवायची, की कॅट आपणच आणायचा?

भिशीच्या ग्रुपमध्ये ‘एकदा टॅरो ठेवूया’, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य बघूया, असं निघालं, की लगेच पैशांची चर्चा सुरू होते. ती नंतर करा. टिळकवाडीत दुपारी बोललेलं दिवेलागणीला शहापुरात पोचतं, अशा बेळगावात आपण राहतो. तेव्हा कुणाचं पान कुणासमोर उघडणार, हे आधी ठरवा. पानं वाचून सांगणारी रीडर, कॅट, वेळ हे सगळं त्यावरून आपोआप ठरत जातं.

पहिला पर्याय म्हणजे रीडरला आतल्या खोलीत बसवायचं आणि एकेकीने आत जायचं. मुलाचं बेंगळुरूला जमेल का, निपाणीकडच्या जमिनीची केस कधी सुटणार, असे खरे प्रश्न दार लावल्यावरच तोंडातून बाहेर पडतात. अडचण वेळेची. माणशी पंधरा मिनिटं धरली तरी बारा जणींचे तीन तास होतात, आणि एखादीच्या जावेचा विषय निघाला की वेळापत्रक कोलमडलंच. म्हणून सेल्टिक क्रॉस ही दहा पानांची मांडणी मागू नका, तीन पानं पुरतात. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरवा, नाहीतर ‘मला लवकर जायचंय’ म्हणणाऱ्या पाच जणी निघतात. बाहेर बसलेल्यांना कुंदा आणि चिवडा किती वेळ धरून ठेवणार? त्यांच्यासाठी हाउजी ठेवा.

दुसऱ्या पर्यायात रीडर तीच, पण सगळ्या गोल करून बसतात आणि प्रत्येकीचं एकच पान निघतं. तासाभरात आटोपतं, हसणं-खिदळणं होतं, फोटो छान येतात. फक्त रीडर म्हणाली, ‘तुमच्या घरातच कुणीतरी तुमच्या वाईटावर आहे’, आणि नणंद समोरच बसलेली असली, तर पुढचा चहा कुणाला गोड लागायचा नाही. नात्यातल्या बायका असतील तिथे मी हा प्रकार ठेवणार नाही. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मैत्रिणी असतील तर बिनधास्त ठेवा.

तिसरा पर्याय, कॅट आणून आपणच वाचायचा. जवळच्या सहा-सात जणींसाठी मला हाच सगळ्यांत आवडतो. यात कॅट कोणता घेता याला फार महत्त्व आहे. एकूण पानं ७८: मोठी २२, आणि छड्या, पेले, तलवारी, नाणी या चार रंगांची छोटी प्रत्येकी १४. जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटात छोट्या पानांवर नुसते मोजके पेले नाहीतर तलवारी असतात. नवख्या माणसाने त्यावर काय बोलायचं? १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट कॅटात पामेला कोलमन स्मिथने छोट्या पानांवरही प्रसंग चितारले. तलवारींची तिर्री काढून बघा: करडे ढग, पाऊस, आणि तीन तलवारी आरपार गेलेलं लाल हृदय. पुस्तक न उघडता कुणीही त्यावर चार वाक्यं बोलेल, आणि आपल्याकडे ती निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये बोलेल. बाहेरून आलेली रीडर बहुतेक हिंदी-इंग्रजीत बोलणार, तेव्हा सासूबाईंना शेजारीण भाषांतर करून सांगत बसते आणि गुपित तिथेच फुटतं.

मृत्यूच्या पानाची धास्ती सगळ्यांनाच असते. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा दिसतो, पण मागे दोन बुरुजांमध्ये सूर्यही आहे, आणि जाणकार त्याचा अर्थ एखादं पर्व संपणं असा लावतात. तरी कुणाच्या घरी आजारपण चालू असेल तर ते पान आधीच काढून ठेवा. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्यात. दुखणं आणि दिवस राहणं हे विषय तिन्ही प्रकारांत बंद ठेवा, त्यासाठी डॉक्टर आहेत.

पैशांचं थोडक्यात: घरच्या कॅटाचा खर्च एकदाच. रीडर ताशी घेणार की माणशी, येण्याजाण्याचं भाडं कुणाचं, हे फोनवरच विचारून घ्या. ‘अंगठ्या, खडे, उपाय विकायचे नाहीत’ हेही तेव्हाच सांगा. त्यावर जी आढेवेढे घेईल तिला बोलावूच नका.

घरातली वडीलधारी मंडळी ‘हे कसलं भविष्य’ म्हणून अडून बसली, तर वाद घालू नका. टॅरोची पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठीच निघाली, भविष्य सांगणं त्यांना अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. पत्त्यांचीच संध्याकाळ हवी असेल तर आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गंजिफा मिळतो. गोल, हाताने रंगवलेली पानं, दशावतारी संचात दहा अवतारांची १२० पानं. वडीलधारे खूश होतात. पण संच महाग, नियम शिकायला वेळ लागतो, आणि एका डावात मोजकेच बसू शकतात. बारा जणींच्या भिशीला ते जमायचं नाही.

तारीख धरताना संकष्टी तेवढी टाळा. निम्म्या जणी उपाशी असतात, आणि चंद्रोदयाची वेळ जवळ आली की रीडरसमोरून उठून घर गाठतात.