मणक्याच्या फ्रॅक्चरनंतर झोपायला बाज की तख्त?

हाड जुळलं तरी पाठ अनेकदा दुखतच राहते, आणि अशा माणसासाठी खेड्यात घरचे आधी बाज टाकतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात अंगणात ती बरी वाटते खरी. पण निवार सैल पडली की मधोमध झोळ येतो, कंबर खाली जाते आणि सकाळी पाठ आखडते. पायथ्याची दोरी ताणली की थोडे दिवस भागतं. उठताना तर जास्तच त्रास: खोलगट बाजेवर कुशीवर वळणंच जड जातं.

तख्त त्या मानाने चांगलं, पण नुसती सतरंजी टाकून भागत नाही. ‘जितकं कडक तितकं चांगलं’ हा समज चुकीचा. खांदा, खुबा टोचतो आणि माणूस रात्रभर कूस बदलतो. 3-4 इंची कापसाची गादी घाला, गोळे झाले की पिंजून घ्या. (कापूस घरचाच असतो, आळस करू नका.) उताणं झोपल्यास गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर गुडघ्यांमध्ये. उठताना खांदा-कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय खाली सोडा, मग हातावर जोर देऊन बसा. तख्त गुडघ्याएवढं उंच हवं. बाज बहुधा बुटकीच असते.

पाय बधिर पडले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर गादी बदलत बसू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.