मिरज पॅसेंजरचा रिव्ह्यू, आणि कोल्हापूरला पोचायचं कसं

बाहेरगावचे पाहुणे सारखं विचारतात की कोल्हापूरला डायरेक्ट गाडी कुठली, तर मुंबईहून महालक्ष्मी आणि कोयना आहेत, पुण्याहून वंदे भारत आहे पण ती रोज नाही, आणि यातलं काहीच जमलं नाही तर सरळ मिरजेला उतरा आणि पुढं पॅसेंजर धरा. मिरज जंक्शन आहे. पुण्याकडून, बेळगाव-हुबळीकडून, पंढरपूर-कुर्डुवाडीकडून सगळ्या लाईनी तिथं येऊन मिळतात, आणि आमच्या वाट्याला त्यातला एक फाटा, जेमतेम 47-48 किलोमीटरचा, तोही कोल्हापूर स्टेशनात येऊन संपतो. पुढं रूळच नाहीत भावा. वैभववाडीपर्यंत नेऊन कोकण रेल्वेला जोडणार हे किती वर्षं ऐकतोय, अजून ऐकतोयच. हा फाटासुद्धा संस्थानच्या काळातला, 1891 ला सुरू झालेला.

आता गाडीबद्दल. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त, बाकी फार अपेक्षा ठेवू नका, गर्दीत दूधवाले, कॉलेजची पोरं, जयसिंगपूरला कामाला जाणारे, सगळे एकमेकांना ओळखतात आणि जागा देतात पण आधी तुम्ही कुठले ते विचारून घेतात. मिरजेहून निघालं की जयसिंगपूर, निमशिरगाव, हातकणंगले, रुकडी, दोन्ही बाजूला ऊसच ऊस, आणि रुकडी सोडली की पंचगंगेवरचा पूल. इथं मोबाईल खिशात घाला आणि दारापासून लांब राहून बाहेर बघा. त्यानंतर वळिवडे. बऱ्याच जणांना माहीत नसतं, दुसऱ्या महायुद्धात इथं पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती, पाचेक हजार माणसं, पोरांच्या शाळा सुद्धा होत्या. मग गूळ मार्केट आणि आलं कोल्हापूर.

मायनस पॉइंट एकच पण मोठा आहे, लाईन सिंगल. समोरून एक्सप्रेस येणार असली की पॅसेंजर बाजूला उभी, मग लाईनीवर विजेची इंजिनं आली तरी काय उपयोग. मिरजेत पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये चांगला दीड तास ठेवा. घाई असेल तर सांगली-कोल्हापूर एसटी बरी, गावागावात उतरायचं असेल तर वडाप, म्हणजे शेअरची जीप.

आणि पावसाळ्यात येणाऱ्यांनी हे नीट वाचा. आमचं गाव पंचगंगेच्या दक्षिणेला, म्हणजे पुणे, सांगली, पन्हाळा, जोतिबा सगळं नदीपलीकडं. हायवे शिरोलीला नदी ओलांडतो, पन्हाळा रोड शिवाजी पुलावरून, रेल्वे रुकडीजवळ. गगनबावड्याकडं म्हणावं तर बालिंग्याचा पूल भोगावतीवर. बेळगावकडं पळावं तर निपाणीच्या आधी वेदगंगा आडवी. 2019 ला आणि परत 2021 ला हायवेवरच पाणी आलं तेव्हा कोल्हापूर चारी बाजूनं बंद, ट्रकांच्या रांगा आणि पेट्रोलपंपांवर मारामारी. गगनबावडा, राधानगरीकडं धो धो पाऊस, ते सगळं पाणी इकडं सपाटीला येऊन थबकतं, त्यात नरसोबावाडीला कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेला पुढं जायला वाटच नाही, फुगवटा मागं सरकतो. म्हणून इथं जुलै-ऑगस्टमध्ये लोक सकाळी पेपरात पहिल्यांदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 39 च्या वर गेली असेल तर बुकिंग कॅन्सल करा, इथं येऊन अडकून पडण्यात काही मजा नाही. उजळाईवाडीचा विमानतळ नदीच्या अलीकडं आहे हे खरं, पण तसल्या पावसात विमान तरी कुठलं उतरतंय.

उतरल्यावरचं मात्र एक नंबर. स्टेशनातून बाहेर आलात की सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड, चालत पाच-दहा मिनिटांवर, तिथून बाहेरगावच्या एसट्या, अंबाबाईला रिक्षा नाहीतर केएमटी, म्हणजे सिटी बस. गगनबावड्याच्या गाड्यांसाठी रंकाळा स्टँडला जावं लागतं, सीबीएसवर उभं राहून चिडू नका. रिक्षावाल्याशी आधी बोलून घ्या, बॅग बघून भाव बदलतो काहींचा.

माझ्याकडून पॅसेंजरला 5 पैकी 3.5. लाईन डबल केली तर पाऊण मार्क अजून देतो. रविवारी संध्याकाळी मात्र सामान घेऊन अजिबात चढू नका, अख्खी हॉस्टेलची पोरं त्याच गाडीनं परत येत असतात.