पाचकंदिलामागचं डीव्हीडीचं दुकान

धुळ्यात अजून डीव्हीडी भाड्याने मिळतात असं सांगितल्यावर पुण्याची भाची हसली. म्हणाली, "मावशी, आता लॅपटॉपलासुद्धा ती फट नसते." नसू दे. माझ्या प्लेअरला आहे, आणि गेल्या उन्हाळ्यापासून मी या दुकानाची नेमाची गिऱ्हाईक आहे. कोणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

दुकानाला पाटी नाही. पाचकंदिलाच्या मागच्या बोळात पिको-फॉलवाल्याला लागून एक जिना आहे, त्याच्या पोटात हे दुकान. आत दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पंखा आहे, पण त्याचं तोंड कायम दुकानदारभाऊंकडे. पारा ४४ वर असताना देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून मी तिथे जाते, यावरून काय ते समजा. अनामत ५०० रुपये. एक डिस्क दोन दिवस २० रुपये, त्यानंतर रोजचे १०. दुपारी दोन ते पाच शटर अर्धं खाली असतं आणि आतून घोरणं ऐकू येतं. तेव्हा हाक मारू नये.

मोठ्या शहरांतल्या डीव्हीडी लायब्रऱ्या बंद पडू लागल्या तेव्हा भाऊंनी तिथून पोत्यांनी माल आणला. डिस्का अस्सल आहेत, कव्हरसकट. खरी गंमत मांडणीत आहे. भाऊंना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून नावाप्रमाणे किंवा नायकाप्रमाणे काही लावलेलं नाही. बुटांच्या खोक्यांवर स्केचपेनने लिहिलंय: 'टकल्या वकील', 'चष्म्यावाली म्हातारी', 'गालफडं'. म्हणजे जी माणसं दर सिनेमात दिसतात पण पोस्टरवर नसतात, त्यांची खोकी. मी नातवासाठी डायनासोरचा सिनेमा मागितला तर भाऊंनी 'गालफडं' मधून १९९७ चा 'द लॉस्ट वर्ल्ड' काढून दिला आणि म्हणाले, "बाई, हाऊ चेहरा ध्यानमा ठेवा. आखो भेटी." (हा चेहरा लक्षात ठेवा, परत भेटेल.)

चेहरा ध्यानात न ठेवण्यासारखा नव्हताच. गालांची हाडं अशी वर आलेली की खाली दोन खळगे, नाक मोठं, नजर मात्र शांत. नाव पीट पोस्टलथ्वेट. सुरुवातीला लोकांनी त्याला सांगितलं होतं, हे आडनाव बदल, कोणाला उच्चारता येणार नाही. त्याने बदललं नाही. बरं केलं. (माझ्या आडनावाचं स्पेलिंग सरकारी कागदांवर चार तऱ्हांनी आहे, मीही बदललं नाही.) १९४६ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला जन्म, साधं कष्टकरी घर. नट होण्याआधी शाळेत नाटक शिकवायचा. हे कळल्यावर माझा जीव त्याच्यात जरा जास्तच गुंतला. मी ३१ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलंय.

'लॉस्ट वर्ल्ड' मध्ये तो शिकारी आहे, रोलंड टेम्बो. नातू डायनासोर बघत होता, मी या शिकाऱ्याला बघत होते. त्याच्या सोबत्याचं नाव अजय. तो सोबती गेल्यावर या माणसाच्या चेहऱ्यावरचा शिकारीचा सगळा कैफ उतरलेला असतो. फार बोलत नाही. दिग्दर्शक स्पीलबर्गने त्याला जगातला सर्वांत चांगला नट म्हटलं होतं. त्यावर पोस्टलथ्वेटने फिरकी घेतली, की स्पीलबर्ग खरं तर म्हणाला असेल, हा पीट स्वतःला जगातला सर्वांत चांगला नट समजतो.

मग खोकं उपसायला लागले. 'द यूज्वल सस्पेक्ट्स' (१९९५) मध्ये तो कोबायाशी नावाचा वकील. नाव जपानी, उच्चार कुठल्या देशाचे ते शेवटपर्यंत समजत नाही. पुढचं सांगत नाही, सांगितलं तर सिनेमाच संपला. 'रोमिओ + ज्युलिएट' (१९९६) मधला पाद्री ठीक. 'इन्सेप्शन' (२०१०) मध्ये मरणाच्या दारातला कोट्यधीश बाप, काम जेमतेम काही मिनिटांचं. आणि जानेवारी २०११ मध्ये माणूस खरंच गेला. 'इन्सेप्शन'च्याच वर्षीच्या 'द टाउन' मध्ये तो फुलांच्या दुकानात बसून गुन्हेगारांना नाचवणारा म्हातारा आहे. इतक्या आजारपणात इतकं विखारी काम कसं केलं असेल कोण जाणे.

'इन द नेम ऑफ द फादर' (१९९३) बद्दल मात्र तक्रार आहे, दुकानाबद्दल. डिस्कवर ओरखडा. ऐन कोर्टाच्या प्रसंगात चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं आणि अडकलं. भाऊंनी दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसून दिली (गोल पुसायची नाही, हे मला तिथे कळलं) आणि पैसे घेतले नाहीत. सिनेमा मिळवून बघा. खरी घडलेली गोष्ट: बॉम्बस्फोटाच्या खोट्या आरोपात अडकलेले बापलेक. बाप जुझेप्पे कॉनलन कैदेत असतानाच, १९८० मध्ये गेला. निर्दोष ठरला तो १९९१ मध्ये. सिनेमात दोघं एकाच कोठडीत दाखवलेत, खऱ्यात तसं नव्हतं. मुलाच्या कामात डॅनियल डे-लुईस. पोस्टलथ्वेट त्याच्याहून फक्त ११ वर्षांनी मोठा, पण आपल्याला क्षणभरही शंका येत नाही. मान जराशी पुढे, आवाज खालचा, मुलगा चिडला तरी हा जपमाळ सोडत नाही. या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस दुसऱ्याने नेलं.

आता ज्या डिस्कसाठी हे सगळं लिहायला बसले ती. 'ब्रास्ड ऑफ', १९९६. डीव्हीडीवर जगाच्या भागाप्रमाणे रीजनचा आकडा असतो, प्लेअर आपल्याच भागाची डिस्क घेतो. ही इंग्लंडची डिस्क, रीजन २. आपल्याकडचा रीजन ५. माझ्या प्लेअरने साफ नकार दिला. भाऊंनी प्लेअर आणायला सांगितला, रिमोटवर कसलेसे आकडे दाबले आणि तो सगळे देश घेऊ लागला. त्याचे वेगळे पैसे नाहीत. सबटायटल नव्हते, हे आधी सांगायला हवं होतं. यॉर्कशायरचं इंग्रजी आहे. ३१ वर्षं इंग्रजी शिकवून मला पहिल्या खेपेला निम्मं कळलं नाही.

कोळशाच्या खाणीचं गाव, खाण बंद व्हायच्या वाटेवर. खाणकामगारांचा पितळी वाद्यांचा बॅण्ड आहे आणि डॅनी, म्हणजे पोस्टलथ्वेट, त्याचा मास्तर. पोरांची घरं बुडतायत आणि हा सुरांवरून त्यांना झापतो. पहिला अर्धा तास मला त्याचा रागच आला. खाण बंद करून पैसे घ्यायच्या बाजूने चारास एक मतं पडतात. डॅनीच्या फुप्फुसांत कोळसा साचलेला. तो इस्पितळात पडलेला असताना बॅण्डवाले रात्री खिडकीखाली उभे राहतात, डोक्यावरच्या टोप्यांचे दिवे लावून वाजवतात.

इथे मी डिस्क थांबवली. आमचे दादा, म्हणजे वडील, मिलमध्ये होते. छातीत कोळसा नाही, कापसाची पूड. मिलच्या चाळीत भजनी मंडळ होतं, दादा पखवाज वाजवायचे आणि ताल चुकला की डॅनीसारखेच सगळ्यांसमोर पाणउतारा करायचे. मिल बंद पडली. टाळकरी एकेक करून सुरतेला गेले. एका एकादशीला तिघंच उरले तरी दादा खोकत पखवाजाला कणीक लावत बसले होते. आई म्हणाली, आता कोणासाठी? ते म्हणाले, "मिल गयी. पखवाज ते शे ना." (मिल गेली, पखवाज तर आहे ना.) तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला होता.

दोन दिवसांनी पुढचं पाहिलं. बॅण्ड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिंकतो. डॅनी इस्पितळातून उठून येतो, माईकसमोर उभा राहतो आणि सांगतो, की मला वाटायचं संगीतच सगळं काही, पण माणसांपुढे ते काही नाही. चषक नको म्हणतो. भाषणबाजीचा प्रसंग आहे, दुसऱ्या नटाने घसा ताणून वाट लावली असती. हा श्वास पुरत नसल्यासारखा तुटक बोलतो, लाज वाटत असल्यासारखा. चषक अर्थात पोरं उचलून नेतातच, तेवढा व्यवहार त्यांना कळतो. मी तो प्रसंग चार वेळा लावला. यांनी आतून विचारलं, आज पोळ्या होणार आहेत की नाही. शेवभाजी होती, पोळ्या पावानेच भागवल्या.

दुकान कसं आहे, तर जागा नाही, कॅटलॉग नाही, मराठी सिनेमे थोडेच आणि तेही झिजलेले. बाईमाणसाला बसायला स्टूल मागावं लागतं. पण मोबाइलवरच्या ॲपला 'गालफडं' म्हणून विचारून बघा, काय दाखवतंय ते. पोस्टलथ्वेटचा १९८८ चा 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज' भाऊंकडे नाही. वहीत नाव लिहून घेतलंय, देवनागरीत, ते त्यांनाच वाचता येईल.

'ब्रास्ड ऑफ' परत द्यायला गेले तेव्हा काही सांगायचं मनात होतं. दादांचं, पखवाजाचं. भाऊंनी डिस्क उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, वही उघडली, बोटांवर दिवस मोजले.

"बाई, साठ रुपया व्हयनात."

दिले.