'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पहिल्यांदाच वाचलं: सात महिने, तीन खंड

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा टॉल्किनच्या या कादंबरीचा पहिला खंड उघडला, तिसरा मिटला तो जानेवारीत. निम्मं वाचन खानापूर-बेळगाव बसमध्ये झालं. सिनेमे पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढे काय होणार याचा पत्ताच नव्हता.

सुरुवातीची पानं रेटावी लागली. प्रस्तावनेत हॉबिट या कथेतल्या ठेंगण्या लोकांच्या तंबाखूवर एक वेगळा भाग आहे. माझं आजोळ तंबाखूचं निपाणी, म्हणून मला तो आवडला. तुम्हाला धीर धरावा लागेल.

मला धरून ठेवलं ते नावांनी. एल्फ या अमर लोकांची मोरिया म्हणजे डोंगराखालची नगरी, तीच खाणी खोदणाऱ्या ड्वार्फ लोकांची खझाद-दूम. जादूगार गॅन्डाल्फ एल्फांमध्ये गेला की मिथ्रांदिर होतो. पुष्कळांचा इथे गोंधळ उडतो म्हणे. माझा नाही उडाला. आमची आई बाजारात कन्नडमधून भाव करते आणि घरी येऊन हिशेब मराठीत सांगते. बसच्या पाटीवर 'बेळगावी' असतं, आम्ही कंडक्टरकडे 'एक बेळगाव' मागतो. टॉल्किन ऑक्सफर्डला भाषेचे प्राध्यापक. त्यांनी आधी भाषा घडवायला घेतल्या, मग त्या बोलणारी माणसं. १९५४-५५ साली आलेल्या या पुस्तकात प्रत्येक डोंगराला, नदीला कुणीतरी आपल्या भाषेत हाक मारलेली आहे.

दुसऱ्या खंडाचा उत्तरार्ध मात्र जड गेला. फ्रोडो आणि सॅम हे दोन हॉबिट आणि त्यांचा वाटाड्या गॉलम चालतच राहतात, बाकीच्यांची खबरबात नाही. ऑक्टोबरात तीन आठवडे पुस्तक बंद होतं. बायका फारच कमी, हीही खंत आहे. आणि पेपरबॅक घेत असाल तर बांधणी बघून घ्या. आमच्या पावसात माझ्या प्रतीची पानं श्रावणातच सुटली.

पण सॅमसाठी मी हे पुन्हा वाचेन. तो माळी. एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल त्याला आपल्या बागेतल्या मातीची लहानशी डबी देते, आत एक बी. लढाई संपवून तो गावी येतो तर झाडं तोडलेली. मग नवं रोप लावील तिथे त्या मातीचा एकेक कण घालत तो सगळं शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, फिरतो. ते पान मी आजीला मराठीत सांगितलं.

"आणि ती बी? उगवली काय?"

"उगवली. चांदीसारखं खोड, एप्रिलात सोनेरी फुलं."

"मग बहावाच की तो," आजी म्हणाली.