अटलांटिक ओलांडायचाय: मोनोहल की कॅटामरान?

नोव्हेंबर उजाडला की आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास बंदर शिडाच्या नौकांनी भरून जातं. कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा हंगाम संपत आलेला असतो आणि ईशान्येच्या व्यापारी वाऱ्यांवर स्वार होऊन तिथलं सेंट लुशिया बेट गाठायचं असतं. अंतर सुमारे २७०० सागरी मैल, बहुतेकांना १८ ते २१ दिवस लागतात. खलाशी म्हणून जाणाऱ्याला दोन प्रकारच्या नौका मिळू शकतात: पाण्यावर तरंगणारं एकच अंग (हल) आणि तळाशी जड कील, म्हणजे पाण्यात उतरलेला वजनदार पंखासारखा भाग, असलेली मोनोहल, नाहीतर दोन अंगं मधल्या डेकने जोडलेली रुंद कॅटामरान. जाहिरातींमध्ये दोन्हींचे फोटो दिवसाचे असतात. निवड रात्रीचा विचार करून करा. आळीपाळीने पहारा देताना झोप मोडत राहिली, तर आठवडाभरात जेवण, स्वभाव आणि सावधपणा सगळ्यांवर परिणाम होतो.

मोनोहल बाजूचा वारा घेऊन चालते तेव्हा एका कुशीवर कलते आणि तशीच राहते; शरीराला त्याची सवय होते. या वाटेवर मात्र वारा बहुतेक पाठीमागून असतो, त्यामुळे ती दिवसरात्र डावी-उजवी डोलते. बिछान्याला कडेने कापडी आडोसा बांधला नाही तर माणूस खाली पडतो. नौकेच्या मध्यभागी, तळाजवळची जागा झोपायला सगळ्यात बरी. पुढच्या टोकाची केबिन बंदरात कितीही छान वाटली तरी भर समुद्रात तिथे डोळा लागणं कठीण. शेगडी डोलाबरोबर झुलती ठेवलेली असते, म्हणून पातेलं जागेवर राहतं. कांदा चिरणाऱ्याला मात्र पाय रोवून, कंबरेला पट्टा अडकवून उभं राहावं लागतं.

कॅटामरानवर चहाचा कप टेबलावर ठेवता येतो. ज्यांना मळमळीचा त्रास आहे, सोबत मुलं आहेत किंवा गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण ती शांत असते असं समजू नका. दोन अंगांमधून धावणारी लाट मधल्या डेकला खालून आदळते आणि केबिनमध्ये धाडकन आवाज होतो. हालचालही लहान, झटक्यांची. सामान जास्त भरलं की नौका खोल बसते, वेग कमी होतो आणि ते आदळणं वाढतं. म्हणून डेकची उंची आणि भरलेलं वजन याबद्दल कप्तानाला नि:संकोच विचारा.

माझ्या लेखी खरा फरक पहाऱ्यावर कळतो. मोनोहलवर वारा वाढला की नौका जास्त कलते, सुकाणू जड होतं. नवख्यालाही कळतं की आता रीफ घ्यायला, म्हणजे शीड आखडायला हवं. कॅटामरान फारशी कलत नाही, ताण दोरखंडांवर आणि डोलकाठीवर साचत जातो. त्यात वारा पाठीमागून: खरा वारा २५ नॉट (तासाला २५ सागरी मैल) असेल आणि तुम्ही ८ नॉटने पळत असाल, तर चेहऱ्यावर १७च लागतो. म्हणून तिथे वाऱ्याच्या वेगाच्या आकड्यांवर नजर ठेवून, वाऱ्याच्या झोताचा विचार करून, अंधार पडण्याआधीच शीड कमी करावं लागतं. या पट्ट्यात रात्री सरी घेऊन येणारे अचानक झोत नेहमीचेच.

मोनोहल आडवी झाली तरी कीलच्या वजनाने पुन्हा उभी राहते. उलटलेली कॅटामरान सहसा तरंगत राहते, पण आपोआप सुलटी होत नाही. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ आणि नौदलाच्याच सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये नेलेली ‘तारिणी’, गोव्यात बांधलेल्या या दोन्ही मोनोहल. त्यांच्या वाटेवरच्या दक्षिण महासागरात आपोआप सुलटं होण्याचा हा गुण अनमोल आहे. व्यापारी वाऱ्यांच्या वाटेवर मात्र केवळ उलटण्याच्या भीतीने कॅटामरान नाकारू नये. रात्री डेकवर पट्टा न अडकवता फिरणं जास्त धोक्याचं, मग नौका कुठलीही असो.

शिडाचं काम शिकायचं असेल तर माझा कौल मोनोहलला, डोलण्यासकट. कुटुंबासोबत जायचं असेल किंवा पोट नाजूक असेल तर कॅटामरान, पण संध्याकाळीच रीफ घेणारा कप्तान असेल तरच. शक्य असल्यास जिब्राल्टर ते कॅनरी हा पाच-सहा दिवसांचा टप्पा आधी त्याच नौकेवर करा. तिथे नीट झोप लागली नाही, तर लास पाल्मासला उतरून दुसरी नौका शोधायला वेळ मिळतो.